चौदाव्या तुकडीची झोप

रोडेलकडं सहाशे बेचाळीस तुकड्या होत्या, आणि दर फेरीला त्यातल्या एकेकीची विचारपूस करायला लागायची.

विचारपूस म्हणजे अगदी घरच्यासारखी. पोटाला आहे का, डिझेल किती उरलंय, दमलेत किती, मागच्या आठवड्यात मेले त्यांच्या जागी नवीन माणसं पोचली का. मग कुणाला पुढं सरकवायचं, कुणाला खंदक खणायला लावायचं, कुणाला मागं रेल्वेच्या ठाण्यावर आणून चार आठवडे नुसतं पडू द्यायचं. कॉम्प्युटरवरच्या या खेळातली एक फेरी म्हणजे लढाईतला एक आठवडा. रोडेलच्या आयुष्यातली ती एक दुपार. अख्खी. साडेचार तास, कधी पाच.

नकाशा थंड मुलखाचा होता. मधमाशांच्या पोळ्यासारखी सहा बाजूंची घरं, त्यातून नद्या, जंगलं, एकच एक रेल्वे. हिवाळ्यात नद्या गोठायच्या, वसंतात चिखल व्हायचा आणि रणगाडे रुतायचे. रोडेलनं जन्मात बर्फ पाहिला तो फक्त हालो-हालोच्या, म्हणजे तिथल्या थंड गोड फालुद्याच्या पेल्यात, दुधाखाली. गिंबाल गावातल्या त्यांच्या बेकरीच्या मागच्या खोलीत तो बनियनवर बसायचा, भट्टीची धग भिंतीतून पाठीला लागायची, आणि याला काळजी कसली, तर एकोणिसाव्या पलटणीची बोटं थंडीनं झडतायत.

बेकरी थोरल्या बहिणीची, नांग दिविनाची. नांग म्हणजे ताई. पहाटेचे पांदेसाल पाव भाजून, ट्रे धुऊन दहापर्यंत रोडेल मोकळा व्हायचा. मग ती पुढं दुकानात बसायची आणि हा मागं लढायला. मधेच पडदा सारून ती विचारायची, "जेवली का रे तुझी पोरं?" वर आणखी ऐकवायची, की सहाशे जणांचं खाणंपिणं बघायला वेळ आहे, एक बायको आण म्हटलं की साहेबांना काम असतं.

समोरचा खेळाडू म्हणजे नोंग पोन्सो, नोंग ही वडीलधाऱ्याला मारायची हाक. समुद्राच्या पलीकडं, सिलायला राहायचे. सत्तरीचे. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाची गोडी मोजण्यात जन्म गेला होता, आता निवृत्त. आपली फेरी झाली की फाइल मेलनं पाठवायची, मग पाच दिवसांत दुसऱ्यानं त्याची पाठवायची. असं दोन वर्षं चाललं होतं, सहासष्ट फेऱ्या झाल्या होत्या आणि दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. पण रोडेलला या खेळातलं जे काही येत होतं ते नोंगनीच शिकवलं होतं. रसद कशी तोडायची ते त्यांनी याचीच रसद तोडून शिकवलं. फाइलसोबत दोनतीन ओळी असायच्याच. गुडघ्याचं काहीतरी, शेजाऱ्याच्या कोंबड्याचं काहीतरी, आणि तोतो, म्हणजे पोरा, अशी हाक मारून एक टोमणा. "तोतो, तुझा उत्तरेकडचा सेनापती बहुतेक लग्नाला गेलाय. परत आला की सांग."

सहाशे बेचाळीस जणांकडं बघायचं तर युक्त्या लागतात. सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे झोप. एखाद्या तुकडीला काही काम नसेल तर झोपेचं बटण दाबायचं. मग 'पुढची' असं बटण दाबत गेलं की खेळ जाग्या तुकड्यांवर एकेक करून नेतो आणि झोपलेल्यांना वगळतो. ती तुकडी तिथंच असते, जेवते, पगार घेते, फक्त तुम्हाला विचारत नाही. आपण जाऊन उठवेपर्यंत झोपते. शत्रू उशाशी आला तरी झोपते. खेळणारे सगळेच झोपवतात. नाहीतर माणूस वेडा होईल. रोडेलच्या दोनेकशे तुकड्या कायम झोपलेल्या असायच्या आणि त्याला वाटायचं, कोण कुठं झोपलंय ते सगळं आपल्या डोक्यात आहे.

सदुसष्टाव्या फेरीला त्यानं नदी ओलांडायची ठरवली.

तीन महिने तो याच्यासाठी माणसं गोळा करत होता. तीन चांगल्या पलटणी नदीच्या काठाला आणल्या होत्या. पलीकडं नोंगची फळी विरळ झाली होती, का ते कळत नव्हतं, पण झाली होती. नदी ओलांडताना पूल बांधणारी तुकडी सोबत पाहिजे, नाहीतर माणसं पाण्यातच मार खातात. चौदावी पूल तुकडी तिथं होतीच. त्याच्या डोक्यात होती. काठाला, पलटणींच्या शेजारी.

नकाशावर ती काठाला नव्हती. दोन घरं मागं, जंगलात होती. छत्तिसाव्या फेरीला त्यानंच तिला तिथं झोपवलं होतं, आणि त्यानंतर एकतीस फेऱ्या 'पुढची'नं तिला वगळलं होतं.

त्यानं हल्ल्याचं बटण दाबलं. पडद्यावर फासे पडावेत तसे आकडे फिरले आणि थांबले. पहिली पलटण अर्धी गेली. दुसरी मागं हटली. तिसरी पाण्यात असताना तिच्यावर तोफा पडल्या आणि तिच्या नावापुढं लाल फुली आली. रोडेल खुर्चीतच पुढं वाकून बसला. मग त्यानं काठाच्या घरावर टिचकी मारली. चौदावी नाही. आजूबाजूला शोधलं. जंगलात सापडली. तिच्या डोक्यावर तीन बारीक झोपेच्या खुणा.

तो शिव्या देत नाही फारसा. त्या दिवशी दिल्या. स्वतःलाच. मग उरलेल्या चाळीसेक तुकड्यांचं बघायला लागला, कारण झालं ते झालं.

आणि लाइट गेली.

बॅटरीचा डबा टेबलाखाली कोकलायला लागला. तो तीन मिनिटं टिकतो. तीन मिनिटांत चाळीस तुकड्या होत नाहीत, आणि हा खेळ फेरीच्या मधे काही साठवून ठेवत नाही. मुद्दामच. साठवता आलं असतं तर लोक हल्ला करून बघतील, फसला की मागं जाऊन परत करतील. म्हणून एक तर सगळी फेरी एका बैठकीत पुरी करा, नाहीतर सगळी पुन्हा पहिल्यापासून. आणि फाइल किती वेळा उघडली तो आकडा समोरच्याला फाइलसोबत आपोआप जातो.

पडदा काळा झाला. पंखा थांबला. भट्टीची धग एकदम जास्त वाटायला लागली. आणि त्या अंधाऱ्या पडद्यासमोर बसल्याबसल्या रोडेलला आतून बरं वाटलं. क्षणभरच, पण स्वच्छ. सुटलो असं वाटलं.

लाइट जाणं नवीन नव्हतं. त्यांच्या भागात उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा जायची, कधी सांगून, कधी न सांगता. यांच्या खेळणाऱ्यांचं बारा जणांचं एक मंडळ होतं, वेगवेगळ्या बेटांवरचं, आणि त्यात या गोष्टीचा नियमच होता. लाइट गेली तर किती वाजता गेली, किती वाजता आली ते समोरच्याला लगेच कळवायचं. मग फेरी परत करायची आणि पहिल्यांदा जे हुकूम दिले होते तेच द्यायचे, आठवतील तसे. फासे नव्यानं पडतील, त्याला इलाज नाही. पण हुकूम तेच. हा नियम नोंग पोन्सोंनीच लिहिला होता. मंडळाचे पंच तेच होते.

तीनला पाच कमी असताना लाइट आली. रोडेल परत बसला. आणि खरं सांगायचं तर त्यानं प्रामाणिकपणे केलं, चारशे तुकड्यांपर्यंत. जे आठवत होतं ते तसंच. उत्तरेला त्यानं पहिल्या खेपेला एक डिझेलची गाडी चुकीच्या रस्त्यानं पाठवली होती, तीही परत चुकीच्याच रस्त्यानं पाठवली.

मग नदी आली. तो 'पुढची', 'पुढची' करत गेला. पलटण, पलटण, तोफा, पलटण. खेळानं चौदावीला वगळलं आणि पुढं गेला. रोडेलचा हात थांबला.

तो नंतर पुष्कळदा स्वतःशी म्हणाला की मी ठरवून काही केलं नाही. पण हात त्याचाच होता. त्यानं नकाशा मागं सरकवला, जंगलावर टिचकी मारली, चौदावीला उठवलं आणि काठाला आणून उभं केलं. एवढंच. मग हल्ला. आकडे फिरले. तिन्ही पलटणी पार. पलीकडच्या सहा तुकड्यांभोवती कडं पडलं.

फाइल पाठवताना त्यानं नेहमीसारखं लिहिलं. लाइट गेली होती, एक चाळीस ते दोन पंचावन्न, फेरी परत केली. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

तीन दिवसांनी मंडळाच्या पानावर किंतानारचं लिखाण आलं. हा सेबूचा, जहाजांच्या गोदीत काम करणारा, आकड्यांचा माणूस. सगळ्यांच्या फाइली किती वेळा उघडल्या ते आकडे पानावर लागायचेच, त्यांचा त्यानं एक तक्ताच टाकला होता. रोडेलनं दोन वर्षांत तेवीस फेऱ्या एकापेक्षा जास्त वेळा उघडल्यात. बाकी अकरा जणांच्या मिळून एकोणीस. आणि सदुसष्टावी, जिच्यात त्यानं पंचांची अख्खी फळी फोडली, तीही दोनदा. मी आरोप करत नाही, मी फक्त विचारतोय, असं त्यानं शेवटी लिहिलं होतं. असं लिहिणारा आरोपच करत असतो.

रोडेलनं उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं. पुन्हा घेतलं. बावीस फेऱ्यांबद्दल तो छातीवर हात ठेवून बोलू शकत होता. तेविसावीपाशी बोटं अडायची.

त्याच्या आधी नोंगनी लिहिलं. लांबलचक. म्हाताऱ्यानं दोन रात्री खपून गिंबालच्या वीजवाल्यांच्या सूचना आणि बिघाडाच्या नोंदी शोधून काढल्या होत्या, तेवीसच्या तेवीस तारखांच्या, आणि रोडेलनं कळवलेल्या वेळा त्यांच्याशी जुळवून दाखवल्या होत्या. पाच मिनिटांचासुद्धा फरक नव्हता. खाली लिहिलं होतं: या मुलाची फेरी मी दोन वर्षं बघतोय. सदुसष्टावीत मार मी खाल्लाय, तेव्हा बोलायचा हक्क असला तर मला आहे. त्याच्या सचोटीला मी जामीन. ज्याला हे पटत नसेल त्यानं पंच बदलावा.

मग सगळ्यांची रीघ लागली. कुणी पसंतीचे अंगठे टाकले, कुणी आपल्याकडं लाइट कशी जाते ते सांगितलं. किंतानारनं माफी मागितली. नीट, सगळ्यांसमोर, रोडेलचं नाव घेऊन. ती माफी रोडेलनं चारपाच वेळा वाचली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं असं वाटलं त्याला.

त्याच दिवशी नोंगची पुढची फाइल आली. सोबत एकच ओळ. "चांगला मारलास तोतो. अडुसष्टावी लवकर कर, माझी माणसं कड्यात उपाशी आहेत."

पाच दिवसांची मुदत, रविवारपर्यंत. पहिले दोन दिवस त्यानं फाइल उघडलीच नाही. तिसऱ्या दिवशी तो पहाटेच्या पिठात मीठ घालायला विसरला. दोनशे पाव. आठ वाजता शाळेचा शिपाई पिशवी घेऊन परत आला आणि म्हणाला की आजारी माणसासाठी वेगळे केलेत का. दिविनानं सगळ्यांना गोड बोलून पैसे परत दिले, दुकानाची फळी अर्धी लावली आणि मागं येऊन ट्रेवर बसली.

"कुणी पोरगी आहे का?"

"नाही नांग."

"मग काय आहे?"

त्यानं सांगितलं. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून पहिल्यापासून सांगायला लागलं. झोपेचं बटण, नदी, लाइट. ती ऐकत राहिली. मग तिला हसू फुटलं. पडद्यावरच्या झोपलेल्या माणसांपायी तू इथं जाग्या गिऱ्हाइकांना अळणी पाव चारलास, म्हणाली. मग म्हणाली, तुला चूक कळली, तू सुधारलीस, यात चोरी कसली? मी मीठ विसरले आणि पीठ सांडलं, तर दुसऱ्या खेपेला मुद्दाम विसरू का?

"तसं नाही ते."

"कसं आहे मग?"

 रोडेलनं हातातला फडका घडी घालून परत उलगडला. "हल्ला फसला नसता तर मला ती तुकडी आठवलीच नसती. फसलेलं मी बघितलं. बघितलेलं विकून खाल्लं मी. आणि म्हाताऱ्यानं माझ्यासाठी बारा लोकांत मान पुढं केली."

दिविनाचं हसू गेलं. ती उठली, ट्रे भिंतीला लावला. जाताना म्हणाली की मग इथं पिठाला काय सांगतोस, त्यांना जाऊन सांग. मेल नको लिहू. मेलमध्ये माणूस स्वतःला सोयीचं लिहितो.

शनिवारी बिस्कोचोचा, म्हणजे बेकरीतल्या गोड टोस्टांचा, डबा घेऊन तो निघाला. बोटीनं बाकोलोद, तिथून जीपनी नावाच्या लांब जीपगाडीनं सिलाय. घर विचारायला लागलं नाही, नोंगनी कोंबड्याच्या गोष्टींमधून गल्ली इतकी सांगितली होती.

नोंग पोन्सो अंगणात बसून पंख्याची पाती पुसत होते. अर्धी चड्डी, खांद्यावर टॉवेल. रोडेलनं नाव सांगितलं. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"एवढासा?" ते म्हणाले. "मला वाटलं मला मारणारा जरा धिप्पाड असेल."

आत नेलं. कॉफी स्वतः केली, दोघांच्या कपात न विचारता तीन तीन चमचे साखर घातली. जन्मभर गोडी मोजलेला माणूस, हात सैल होता. भिंतीवर तो नकाशा होता. कॅलेंडरच्या उलट्या बाजूंवर तुकड्या तुकड्यानं छापून चिकटवलेला, पार छतापर्यंत. रोडेल त्याच्याकडं बघत राहिला. पडद्यावर त्याला एका वेळी मुठीएवढा भाग दिसायचा. इथं सगळा होता, आणि सगळीकडं पेन्सिलीच्या बारीक खुणा. त्याच्याच तुकड्या. नोंग त्याच्या सहाशे बेचाळीस जणांवर त्याच्यापेक्षा जास्त लक्ष ठेवून होते.

त्याची नजर नदीवर गेली. काठापासून दोन घरं मागं, जंगलात, पेन्सिलीनं चौदा लिहिलं होतं. शेजारी उभ्या रेघा. पाच पाचचे जुडगे. त्यानं मोजल्या नाहीत, त्याला माहीत होतं किती असणार.

"नोंग, मी एक सांगायला आलोय."

"आधी कॉफी पी."

"चौदावी पहिल्या खेपेला झोपलेली होती. लाइट जायच्या आधी माझा हल्ला झाला होता. फसला होता. मग मी तिला उठवलं." तो थांबला आणि मग उरलेलंही बोलून टाकलं. "लाइट गेली तेव्हा मला आनंद झाला होता."

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला.  शेजारचा तो कोंबडा ओरडत होता, आणि एरवी त्यावरून दोघं हसले असते.

मग ते सावकाश बोलायला लागले. की चौदावी हलत नाही हे त्यांना चाळिसाव्या फेरीपासून माहीत होतं. पोरगं विसरलंय हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणूनच नदीवरची चांगली माणसं काढून त्यांनी दक्षिणेला नेली होती. पुलाशिवाय हा येणार नाही आणि आला तर बुडेल, या हिशेबावर. अख्खा बचाव त्यांनी रोडेलच्या विसरण्यावर उभा केला होता. आणि सदुसष्टावीत, नेमक्या दोनदा उघडलेल्या फेरीत, चौदावी उठून काठावर आली.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं," रोडेल म्हणाला.

"दिसलं होतं. कळून घेतलं नाही." ते नकाशाकडं बघत होते. "म्हटलं, आठवलं असेल. माणसाला आठवतं कधीतरी. एकतीस फेऱ्यांनी आठवतं. त्या सूचना मी कशाला शोधत बसलो दोन रात्री? तू खरा आहेस हे मला माहीत असतं तर चार ओळीत भागलं असतं."

रोडेलला वाटलं होतं ते चिडतील. तो त्याच्या तयारीनं आला होता. हे त्याला झेपेना.

"मी उद्या मंडळाला लिहितो," तो म्हणाला.

"नको."

"नोंग…"

"नको म्हणतो ना. माझ्याकडं सांगितलंस, झालं. पुढं खेळ, जे मिळवलंस ते ठेव. अकरा माणसांना मी लिहून दिलंय. तो किंतानार माफी मागून बसलाय माझ्यामुळं. तू लिहिलंस की मी त्या पानावर तोंड दाखवू शकत नाही." त्यांचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "गप्प बस, तोतो. माझ्यासाठी."

रोडेलनं कप उचलला. कॉफी पीत राहिला, ती फार गोड होती. ज्या माणसानं नियम लिहिला त्याला आपण हे बोलायला लावलं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. नदीपेक्षा हे वाईट होतं. बिस्कोचोचा डबा दोघांच्या मधे तसाच बंद. थोड्या वेळानं तो उठला, बोटीची वेळ झाली म्हणाला. झाली नव्हती.

नोंग फाटकापर्यंत आले. गुडघा दुखत असणार, हात फाटकावर टेकवून उभे राहिले. जीपनी येत होती. रोडेलनं हात केला.

"लिही," ते मागून म्हणाले.

तो वळला.

"लिही, पण अर्धं नको. मला दिसलं होतं हेही लिही. मीच लिहिलं असतं, पण माझं मी लिहायला बसलो तर साखर घालीन."

रविवारी त्यानं लिहिलं. अकरा ओळी. भट्टीसमोरच, फोनवर, पिठाच्या हातानं. सुटल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत चाळीस उत्तरं आली होती. काहीजण म्हणाले, कबूल केलं हे मोठं. काहीजण म्हणाले, मग आधीच्या बावीसचं काय?  त्या बावीस खऱ्या होत्या आणि आता त्या खऱ्या आहेत हे सांगायला त्याच्याकडं काही उरलं नव्हतं. साक्षीदार होता, त्याचीही साक्ष त्यानंच घालवली होती. किंतानारनं फक्त लिहिलं, माझी माफी मी परत घेतो. नोंगबद्दल कुणी वाईट बोललं नाही. कुणी काहीच बोललं नाही. दोन दिवसांनी पंच म्हणून दुसऱ्याचं नाव आलं.

मंडळानं ठरवलं की अडुसष्टावीची आलेली फाइल रद्द, सदुसष्टावी परत. त्यानं पहिल्या खेपेला जशी खेळली होती तशी. चौदावी झोपलेली, हल्ला तोच. एका बैठकीत, एकदाच उघडून.

मंगळवारी दुपारी तो बसला. दिविनानं पडदा सारून बघितलं, पंखा त्याच्याकडं वळवून गेली. साडेचार तास. उत्तरेची डिझेलची गाडी तिसऱ्यांदा चुकीच्या रस्त्यानं गेली. नदी आली. पलटण, पलटण, तोफा, पलटण. खेळानं चौदावीला वगळलं. त्यानं वगळू दिलं.

हल्ल्याच्या बटणावर मात्र त्याचं बोट राहिलं. पहिल्यांदा त्यानं ही माणसं चुकून पाठवली होती. आता माहीत असून पाठवायची होती. आकडे आहेत नुसते, त्यानं स्वतःला सांगितलं, पण दोन वर्षं त्यांच्या पोटापाण्याची विचारपूस केली होती त्यानं. एकोणिसावी त्यातच होती.

त्यानं दाबलं. फासे पहिल्यापेक्षा वाईट पडले. दोन लाल फुल्या, आणि तिसरी पलटण नावापुरती. राहिलेल्या तुकड्या त्यानं शेवटपर्यंत नीट बघितल्या, एकही न सोडता, आणि फाइल पाठवली. सोबत काय लिहावं सुचेना, तर काहीच लिहिलं नाही.

चार दिवस नोंगकडून काही आलं नाही. पाचव्या दिवशी, मुदतीला दोन तास असताना, फाइल आली. त्यांनी फारसं काही हलवलं नव्हतं. दोन तुकड्या नदीकाठी परत आणल्या होत्या. सोबत ओळी नव्हत्या. रोडेलनं मेल खालपर्यंत सरकवून पाहिला, कधी कधी खाली असतात. नव्हत्या.

त्यानं फेरी उघडली. 'पुढची' दाबायच्या आधी तो सरळ जंगलात गेला आणि चौदावीला उठवलं. तिची माहिती समोर आली. माणसं पूर्ण. सामान पूर्ण. दमणूक शून्य. त्याच्या सगळ्या फौजेत इतकी ताजीतवानी तुकडी दुसरी नव्हती.

त्यानं तिला काठाला आणलं आणि पूल बांधायचा हुकूम दिला. पार करायला तिथं कुणी उरलं नव्हतं. मग तो पुढच्या तुकडीकडं गेला. अजून सहाशे एकोणचाळीस जणांचं बघायचं होतं.